इंजिन ठेवायचं कशावर

निवृत्तीनंतर जव्हारकडच्या कच्च्या रस्त्यांनी भटकायला मला गाडी हवी होती, डिझेल कमी पिणारी आणि कुठल्याही गावच्या मिस्त्रीला दुरुस्त करता येणारी. दोन वर्षं लोकांचं डोकं खाल्लं. शेवटी आमच्या दांडी गावातच मासळी वाहणारी जुनी पिकअप सापडली.

बेटेगावचा माझा मिस्त्री इंजिन ऐकून खूश झाला. मग गाडीखाली शिरून त्याने चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडात स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा तो आत गेला.

"इंजिन झकास हाय. पण ठेवायचं कशावर?"

खाऱ्या वाऱ्याने माझ्या खिडकीचे गज गंजून गळून पडतात, आणि मी मूर्ख नुसती इंजिनाचीच चौकशी करत फिरलो!

"दुसरी बगा," तो म्हणाला, "किनाऱ्यावरची नको."

आणेन. पण तीही उभी माझ्याच दारात राहणार, आणि दारापुढे समुद्र.