बिनजाळाचे भट्टीबुवा

भट्टीबुवा दिवसातून जितक्या वेळा वाकायचे, तितक्या वेळा एखादा भक्त देवळात वाकला असता तर देव गाभारा सोडून स्वतः त्याची कंबर चेपायला आला असता. कढई चढवली की वाकायचे. फोडणी टाकली की वाकायचे. भाताला आधण आलं की गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे बारीक करून शेगडीखाली डोकवायचे. आणि शेगडीखाली काय? काही नाही. चकचकीत स्टीलचा पत्रा. कारण शेगडी इंडक्शनची. "आयुष्यभर खाली जाळ बघितला हो," कमरेला हात देऊन सरळ होत ते म्हणायचे, "आता वाकलं की माझंच थोबाड दिसतं."

हे स्वयंपाकघर बाणेरकडच्या एका काचेच्या इमारतीच्या तळघरात होतं आणि तिथल्या कॅन्टीनचा मॅनेजर मी. तळघराला खिडकी नाही. जाळाला परवानगी नाही. गेटवर काड्यापेटीसुद्धा काढून घेतात. दार कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नाही, आणि बुवांचं कार्ड नेहमी तिखटाच्या डब्यात नाहीतर कणकेत सापडायचं. मग आतून थाप पडायची आणि आवाज यायचा, "अहो साहेब, कैद्याला सोडा, मेथी आलीय!"

मूळचे ते कसबा पेठेतले, लग्नकार्याचे आचारी. त्यांनी मसालेभाताला फोडणी दिली की मंडईतली वांगी आपणहून पिशवीत उड्या मारत, आणि वारा फिरला तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातला वाघ दोन दिवस शाकाहारी होई. वाघाला मी विचारलेलं नाही, पण त्यानेही कधी नाकारलेलं नाही. भट्टीपुढे त्यांचा जन्म गेला आणि भट्टीचा सगळा धूर त्यांच्या छातीत बिऱ्हाड करून बसला. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे धूर नाही, जाळ नाही. घरी सुनेनं काळजीपोटी गॅस काढून इंडक्शन आणलं. बाहेरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात जाळ होता. नव्हता तो फक्त माझ्या तळघरात. म्हणून बुवा तिथे आले आणि तिथेच अडकले. "बाहेर गेलो तर श्वास जातो," ते म्हणत, "आणि इथे राहिलो तर मी जातो. कुणाला आधी सोडू, सांगा."

पहिल्याच दिवशी त्यांनी घरचं तांब्याचं तपेलं आणून शेगडीवर ठेवलं. शेगडीला लोखंडाची ओढ; तांबं तिला भांडं वाटतच नाही. ती जी शिट्ट्या मारू लागली, ती थांबेचना. बुवांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी एखादी शेगडी असती तर शरमेनं पेटली असती. "ह्या तपेल्यात मी पाच पेठा जेवू घातल्या. आंधळी आहेस का गं?" तपेलं त्यांनी परत नेलं नाही. कोपऱ्यात पालथं ठेवून त्यावर बसायचे आणि तिथून शेगडीला टोमणे मारायचे.

पण खरी अडचण पहिल्या घासाची. भात उतरला की चिमूटभर भात, वर तुपाचा थेंब, जाळाला अर्पण करायचा आणि मगच पंगतीला वाढायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. इथे अर्पण कुठे करणार? एकदा त्यांनी तो घास शेगडीच्या काचेवर ठेवून पाहिला. घास तसाच बसून राहिला, पाहुण्यासारखा. शेवटी त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला आणि रोजचा घास वाळवून त्यात साठवू लागले.

"बुवा, ह्याचं काय करणार?"

"जाळ भेटला की देईन. तो जेवला नाही तर माझ्या हातचं तुम्हाला पचतंय कसं, हेच मला कळत नाही."

बुवांच्या एका जुन्या जोडीदार आचाऱ्याच्या मुलीचं लग्न कात्रजला निघालं. कार्यालयाच्या मागे खरी लाकडाची भट्टी. बुवा सकाळीच नवं धोतर नेसून, डबा काखेत घेऊन माझ्या दारात उभे. "डॉक्टर ओरडतील," मी म्हणालो. "डॉक्टरांना जिलबी पाठवू," ते म्हणाले. त्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून मीही रिक्षात बसलो.

भट्टी दिसली तशी त्यांची चाल बदलली. म्हातारा तरुण झाला, मिशीसुद्धा काळी झाली म्हणा ना. तेवढ्यात वारा वळला. धुराचा एकच पट्टा आला आणि बुवा अर्धे मोडले. असा खोकला मी दुसरा ऐकला नाही. नव्या आचाऱ्यानं धावत येऊन, "आजोबा, तुम्ही इकडे बसा," म्हणत त्यांना मोकळ्या हवेत नेऊन खुर्चीत बसवलं. शेजारी डोशाचा काउंटर होता. डोसे इंडक्शनवर चालले होते.

बुवांनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डबा माझ्या हातात दिला. "तुम्ही जा. सांगा, कसब्यातल्या भट्टीबुवानं पाठवलंय."

मी डबा भट्टीत रिकामा केला. एरवी मी सांगितलं असतं की ज्वाळा आभाळाला भिडली आणि कात्रजचा घाट उजळला. तसं काही झालं नाही. मूठभर जाळ वर आला, शितं तडतडली आणि संपली.

"पोचलं?" बुवांनी विचारलं.

"पोचलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मीठ जरा कमी आहे."

बुवा हसता हसता पुन्हा खोकले. "साफ खोटं. माझं मीठ कधी कमी पडलेलं नाही." परतताना रिक्षात त्यांनी रिकामा डबा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "जवळ जाता आलं नाही. असू दे. शेवटी एकदा नेतीलच की चौघं उचलून. तेव्हा खोकला नसेल."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तळघरात हजर. भात उतरला, ते वाकले, पत्र्यात थोबाड पाहिलं आणि पहिला घास रिकाम्या डब्यात टाकला.

दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा भात नुकताच उतरला होता. मी चिमूटभर भात आणि तुपाचा थेंब कागदात बांधला, डबा उचलला आणि स्मशान गाठलं.

मुलगा रडून रडून लाल झाला होता. "काका, लाकडं नाही घेतली," तो म्हणाला. "विद्युतदाहिनीच घेतली. बाबांना धूर सोसत नव्हता हो."

मी मान डोलावली. इतक्या मायेनं केलेलं होतं. बुवांना आत सरकवलं. लोखंडी दार खाली आलं, तिथल्या माणसानं बटण दाबलं, आत कुठेतरी घुंई असा आवाज सुरू झाला. अगदी आमच्या शेगडीसारखा.

मी डबा काखेत धरला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि वाकून दाराखाली पाहिलं.