देवमन सरांनी पुसलेल्या विहिरी

तिवशाच्या शाळेत देवमन सर एकतीस वर्षं इतिहास शिकवत आले. या एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही फळा न पुसता वर्ग सोडला नाही. पुढच्या सरांसाठी भरलेला फळा ठेवणं म्हणजे जेवून उठताना खरकटं ताट मागे सोडणं, असं ते मानत. सदऱ्याची उजवी बाही खडूनं कायम पांढरी असे आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

यंदा संगणकाच्या खोलीत नववीच्या अडतीस पोरांनी एकाच ऑनलाइन कागदावर गावातल्या जुन्या विहिरींचा इतिहास लिहायला घेतला. सगळे एकदम लिहिणार, सगळ्यांना सगळ्यांचं दिसणार. सरांना हे आधी पटलं नाही. अडतीस जण एकदम बोलले की डस्टर आपटायची त्यांची सवय, आणि इथे अडतीस जण एकदम बोलत होते तरी खोलीत चिडीचूप. दीड महिन्यात बावीस विहिरी भरल्या. सर घरीसुद्धा जेवताना विहिरींबद्दलच बोलू लागले. सोमवारी अमरावतीच्या प्रदर्शनात हा कागद मांडायचा होता.

शुक्रवारी तासाची घंटा झाली. याच खोलीत पुढचा तास गणिताच्या कमलाकांत सरांचा. देवमन सरांनी समोरच्या भिंतीवर चमकणारा भरगच्च कागद पाहिला, नुकतंच शिकलेलं तंत्र वापरून सगळा मजकूर निवडला आणि एक कळ दाबली. मग नसलेला खडू हातावरून झटकला.

खोलीतल्या सगळ्या पडद्यांवर एकदम पांढरं पसरलं.

"सर, हे काहून पुसलं तुमी?" पहिल्या बाकावरच्या स्वरालीनं विचारलं.

"तास संपला ना. कमलाकांत सरले भरलेला फळा देऊ का?"

पोरांनी त्यांना हलक्या आवाजात समजावलं की हा फळा नव्हता, आणि याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. सर खुर्चीवर बसले. त्यांना बौद्धपुऱ्यातल्या इंदूबाई आठवल्या. त्यांनी आपल्या विहिरीची गोष्ट तीन तास सांगितली होती आणि वर बजावलं होतं की हे एकदाच, परत विचारायला यायचं नाही.

स्वराली उठून त्यांच्या शेजारी उभी राहिली. कागदाची जुनी रूपं जपलेली असतात, असं सांगत तिनं एक यादी उघडली. कोणी, कधी, काय लिहिलं, सगळं होतं. एका टिचकीत बावीसही विहिरी परत आल्या, इंदूबाईंची पहिली.

सर यादी वाचत गेले. एका जागी त्यांनी स्वतः टाकलेलं साल कोणीतरी बदललं होतं. त्यांचं चुकलं होतं, बदललेलं बरोबर होतं. पुढे नाव होतं स्वरालीचं.

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुमीच म्हणता ना सर, चारचौघांत कोणाची चूक काढू नये."

सरांनी चष्मा काढून त्या पांढऱ्या बाहीनं पुसला, त्यामुळे तो आणखी धुरकट झाला.

"उपकार झाले, पोरी," ते म्हणाले. आणि ते चारचौघांत म्हणाले.

सोमवारी अमरावतीला त्यांनी कागदासोबत ती यादीही मांडली, स्वतःच्या चुकीसकट. तेव्हापासून नववीचा फळाही ते तसाच भरलेला सोडतात. पोरं अजून उतरवून घेत असतील, असू द्या, असं म्हणतात. कमलाकांत सर रोज कुरकुरत तो पुसतात, आणि आता त्यांची बाही पांढरी असते.