निजून केलेला नमस्कार

डॉक्टरांनी रबरी हातोडी माझ्या गुडघ्याखाली मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्याखाली मारली. तोही हलला नाही. टाच, कोपर, मनगट, सगळीकडे मारून झाल्यावर त्यांनी हातोडी कोटाच्या खिशात ठेवली आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांना सांगितलं, "रिफ्लेक्स गेलेत. आजच ॲडमिट करा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, हा जीबीएस वाटतोय. बरा होतो. पण वेळ घेतो. किती, ते आज मला सांगता येणार नाही."

जीबीएस म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम. साधा ताप किंवा जुलाब होऊन जातात, आणि त्या जंतूंशी लढायला उठलेली शरीराची ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटते. नसांवरचं आवरण खराब झालं की मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. अशक्तपणा पायांपासून सुरू होतो आणि वर चढत जातो. मलाही आधी जुलाब झाले होते. मग शाळेचा जिना जड वाटू लागला, चप्पल पायातून निसटू लागली. मी समजत होते की उपवास आणि परीक्षेचे पेपर यांचा शीण आहे. कुणाला असे पाय जड वाटू लागले, मुंग्या वर चढू लागल्या, तर माझ्यासारखं दुखणं अंगावर काढू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

मी देवगाव रंगारीची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. लग्नानंतर संभाजीनगरला आले, शाळेत शिक्षिका झाले. हे वाळूजला कंपनीत आहेत. घरात आमची सातवीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना आम्ही सगळे माई म्हणतो. माईंचं घर कडक. आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात नाही, देवाला तर नाहीच. दिवसा आडवं पडलेलं त्यांना खपत नसे. मला त्याचा कधी जाच वाटला नाही. माहेरी तरी वेगळं काय होतं?

पहिले दिवस तपासण्यांत गेले. लंबर पंक्चर म्हणजे पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासतात. कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडायचं. माझे गुडघे सिस्टरने धरून पोटाशी नेले, कारण ते माझं ऐकत नव्हते. मग आयव्हीआयजी सुरू झालं. निरोगी माणसांच्या रक्तातली प्रतिकारद्रव्यं सलाइनसारखी हळूहळू शिरेतून देतात. रोज सकाळी डॉक्टर एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावत. छातीचे स्नायू किती दमलेत ते त्यावरून कळतं. मी पोरांना पाढे शिकवणारी बाई. रोज थोडं आधी अडकायला लागले. एके दिवशी दहाच्याही आत श्वास संपला आणि डॉक्टर यांना घेऊन बाहेर गेले.

त्यानंतर घशात नळी आणि व्हेंटिलेटर, म्हणजे आपल्यासाठी श्वास घेणारं यंत्र. त्या खोलीत दिवस कधी उगवला, कधी मावळला, कळत नव्हतं. शुद्ध पूर्ण होती, फक्त काही हलत नव्हतं. माशी गालावर बसली तर बसलेली राहायची.

तिथे मी देवाचं नाव घ्यायचं थांबवलं. ते रागाने नव्हतं. राग नंतर आला. संध्याकाळ झाली असेल असं वाटलं की मी मनात शुभंकरोती सुरू करायची आणि मध्येच गप्प व्हायची. अंगाला किती दिवस पाणी नाही. खाली डायपर. दुसऱ्याने पुसल्याशिवाय मी स्वच्छ नाही. अशा अंगाने देवघरासमोर उभी राहिले असते का मी? मग इथून नाव कसं घेऊ? आपण बरं व्हावं, आंघोळ करावी, मग त्याच्याकडे जावं, असं ठरवून टाकलं. आणि एकदा बोलणं तुटल्यावर मनात नुसता हिशेब राहिला. एवढे उपवास केले, एवढे दिवे लावले, त्याचं काय झालं? हा प्रश्न दिवसभर त्या यंत्राच्या आवाजाबरोबर फिरत राहायचा. पायांपेक्षा मला त्याचा शीण जास्त होता.

श्वास हळूहळू परत आला. नळी निघाली, आणि मला बायकांच्या वॉर्डात हलवलं. आवाज घोगरा होता, हात थोडे उचलत होते, कमरेखाली मात्र काही नाही. माझ्या खाटेसमोरच्या भिंतीवर दत्ताची तसबीर होती. कुणीतरी रोज हार बदलायचं. आणि माझे दोन्ही पाय अगदी तिच्याकडे.

मी यांना म्हटलं, खाट फिरवा. यांनी सिस्टरला विचारलं. ऑक्सिजनची नळी पोहोचणार नाही, त्या म्हणाल्या. मग यांनी माझे पाय उचलून तिरके ठेवले. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची, तेव्हा ते पुन्हा सरळ व्हायचे. मी परत सांगायची. हे दिवसभर कंपनीत उभे राहून यायचे आणि इथे माझे पाय फिरवायचे. एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, त्याला दिसत नाही का तुला काय झालंय ते?" मी रडले. तेही उठून व्हरांड्यात गेले.

नेमक्या त्या दिवशी माई आल्या. इतके दिवस घर आणि पोरगी त्यांनीच सांभाळली होती. हातात डब्याची पिशवी, कपाळ घामाने भिजलेलं. शहर बसमध्ये उभ्याने आल्या होत्या. हे बाहेर का बसलेत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पाय देवाकडे होतात माई, आणि अंगाला पाणी नाही, मला नावसुद्धा घेववत नाही.

मला वाटलं, त्या पदर डोळ्याला लावतील, नाही तर पाय फिरवायला कुणाला तरी हाक मारतील. त्यांनी आधी स्टूल ओढलं. डबा उघडला. मुगाच्या खिचडीचा घास माझ्या तोंडाशी धरला.

"खुलताबादचा मारुती बघितला ना तू?"

"लग्नानंतर तुम्हीच नेलं होतं."

"कसा हाय?"

मी घास गिळला. "निजलेला."

"मग? निजलेल्या देवाला निजून नमस्कार केला तर त्याचं काय बिघडलं? लई लोकं चालत जातात त्याच्याकडं. त्यो कुणाला म्हणला का, मी उठतो, थांब जरा?"

मी म्हटलं, पण माई, आंघोळ नाही.

"देव काय तुझी सासू हाय का, आंघोळ झाली का इचारायला?"

शेजारच्या खाटेवरच्या मावशी फिसकन हसल्या. त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, हसताना टाके धरून "अगं बाई, नको हसवू" म्हणाल्या. माई हसल्या नाहीत. त्यांनी मला सगळी खिचडी भरवली, तोंड पुसलं. मग खालच्या फरशीवर बसल्या, जिथे चपलांचे पाय पडतात तिथेच, बसमधल्या घामाच्या लुगड्यानिशी, आणि हात जोडून शुभंकरोती म्हणायला लागल्या. घरी बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय देवघराकडे न बघणारी बाई. दुसऱ्या ओळीला मी त्यांच्यात आवाज मिळवला. घोगरा, तुटका. माझे पाय समोर सरळ होते. मी ते फिरवायला सांगितलं नाही.

तुम्हाला वाटेल की त्यानंतर पाय हलले. नाही हलले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी "अंगठा हलवा" म्हटलं आणि अंगठा होता तसाच राहिला. पण माझ्या मनातला तो हिशेब बंद पडला होता. मी पडल्या पडल्या नाव घ्यायला लागले. सिस्टर चादर बदलताना, सुई टोचताना, बेडपॅनवर असतानासुद्धा. सुरुवातीला "उठव मला" एवढंच म्हणायची. मग त्याचाही कंटाळा आला. नुसतं नाव उरलं. खूप दमलेलं माणूस ओळखीच्या माणसाशेजारी गप्प बसतं, तसं.

अंगठा हलला तो बऱ्याच दिवसांनी, फिजिओथेरपीच्या वेळी. फिजिओथेरपी म्हणजे स्नायूंना पुन्हा काम शिकवणारे व्यायाम. ते करून घेणाऱ्या मुलीने हळूच "मॅडम, बघा" म्हटलं. माझं लक्ष नव्हतं, तिनेच दाखवलं. पुढे खाटेच्या कडेला बसणं, भोवळ येणं, पुन्हा पडणं. दोन दांड्यांमध्ये उभं राहणं. नसा जाग्या होताना होणारी आग. घरी आल्यावर वॉकर. हे सगळं फार हळू होतं. त्यात वैताग येतो, घरच्यांवर ओरडणं होतं, आणि ते सगळ्यांचं होत असावं. मनाला लावून घेऊ नका. माझ्या पोरीने त्या काळात माझे केस विंचरायचं काम स्वतःकडे घेतलं. वेणी वाकडी यायची. तशीच ठेवायची.

मागच्या महिन्यात शेवटची नर्व्ह कंडक्शन चाचणी झाली. नसांना विजेचे बारीक झटके देऊन निरोप किती वेगाने जातो ते त्यात पाहतात. मी आता काठी न घेता चालते, शाळेत जाते, पण डावं पाऊल उचलत नाही. ते घोट्याला प्लास्टिकची पट्टी बांधून सांभाळावं लागतं. डॉक्टरांनी कागद उलटेपालटे केले आणि चष्मा काढला. "ताई, खोटं सांगत नाही. जेवढं यायचं होतं तेवढं आलंय. हे पाऊल आता असंच राहील."

मी त्यांचे आभार मानले. ते मनापासून होते. ज्यांनी मला श्वास परत मिळवून दिला, त्यांच्याकडे एका पावलाची तक्रार काय करायची?

रिक्षात मात्र मी वाट बघत बसले. आता तो जुना राग येणार, असं वाटत होतं. एवढं नाव घेतलं, एवढी आशा धरली, आणि शेवटी हे. क्रांती चौक गेला, सिग्नल गेला, रिक्षावाला कुणाशी तरी फोनवर भांडत होता. मला फक्त दमल्यासारखं झालं होतं. हे शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. "बरी आहेस ना?" म्हणाले. मी मान हलवली.

घरी आल्यावर पट्टी सोडली. भर दुपार होती. माई स्वयंपाकघरात होत्या. त्यांना यांनी हळू आवाजात सांगितलेलं मला ऐकू आलं. त्यांनी गॅस बंद केला. थोड्या वेळाने दारात आल्या, माझ्याकडे बघितलं आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"पड जरा," म्हणाल्या.

मी आडवी झाले. पाय कुठल्या दिशेला आहेत ते बघितलं नाही. काही मागावं म्हणून आठवून पाहिलं. खरंच काही आठवेना. मग नुसतंच नाव घेतलं, आणि ते पुरं व्हायच्या आत माझा डोळा लागला.