आईची साक्ष

आज्ञापालन या शब्दाचा मला राग आहे. देवाचा नाही, शब्दाचा. आमच्या घरात पाळायचं आईनं आणि मिरवायचं अण्णांनी, अशी वाटणीच ठरून गेली होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. आजारातून उठले आणि देवगाव फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेला जायला लागले. बरे झाले, ख्रिस्ती झाले, इथवर माझी काही तक्रार नाही. आईही मागोमाग गेली. तिला तिथली गाणी मनापासून आवडायची. मग पास्टरनं सांगितलं, दागिने आणि कुंकू देवाला चालत नाही. त्याच संध्याकाळी अण्णांनी आईला मंगळसूत्र काढायला लावलं. बांगड्या, जोडवी, कपाळ, सगळं एका झटक्यात साफ. पास्टर तंबाखूही सोडा म्हणाला होता, पण तिथं मात्र अण्णांचा देव मोठा समजूतदार निघाला. "सुटंल हळूहळू," मळता मळता ते म्हणायचे, "देव धीर धरतो." परभणीतल्या जुन्या ख्रिस्ती घरांतल्या बायका मंगळसूत्रात क्रूस ओवून चर्चला जातात, हेही मी सांगून पाहिलं. "त्यांचा विश्वास कच्चा हाय," अण्णा म्हणाले. विषय संपला.

यंदा झरीला मामाच्या मुलीचं लग्न निघालं. नवरीला पहिली हळद आत्यानं लावायची, हा मामाच्या घरचा रिवाज. ही भाची आईच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. आमंत्रण आल्यापासून आईच्या तोंडी त्या हळदीशिवाय दुसरं काही नव्हतं.

हळदीच्या दिवशी आई वाटी घेऊन पाटाजवळ गेली. तेवढ्यात नवरदेवाकडच्या एका म्हातारीनं मामीला विचारलं, "ही बाई विधवा हाय ना? मग हळदीला पुढं कशाला?"

मी शेजारीच उभी होते. "वडील जिते हायेत माझे," मी म्हटलं. "त्ये बघा, मांडवात तंबाखू मळायलेत."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मामी शहाणी. ती कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "आक्का, टिकलीएवढं लावा अन् हळद लावून घ्या. घरी जाऊन पुसून टाका." पाटावरून भाची म्हणाली, "लाव की, आत्या." आईनं करंड्यात बोट बुडवलंसुद्धा. मग तिनं मांडवाकडं पाहिलं. अण्णांनी मान हलवली, नाही अशी.

आईनं बोट पदराला पुसलं, वाटी मामीकडं दिली आणि भिंतीशी जाऊन बसली. हळद दुसऱ्याच कुणीतरी लावली. भाची रडायला लागली, आणि माहेर सुटायचं म्हणून रडतेय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. म्हातारीला मी दोष देत नाही. तिला जे दिसलं ते ती बोलली. जित्याजागत्या माणसानं स्वतःच्या बायकोला विधवा करून चारचौघांत बसवलं होतं, आणि वर त्याला त्याचा अभिमान होता. मला त्या माणसाची किळस आली.

परतीच्या एसटीत अण्णा खुशीत होते. "तुझ्या आईनं आज समद्यांसमोर देवाची आज्ञा पाळली."

"तुमची पाळली," मी म्हटलं.

"एकच हाय त्ये," अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर थुंकले.

रविवारी त्यांनी आईला साक्ष द्यायला उभं केलं. देवानं आपल्यासाठी काय केलं हे सगळ्या मंडळीपुढं सांगायचं, ती साक्ष. आई आजवर कधीच उठली नव्हती. तिच्या वाटचंही अण्णाच बोलायचे, आणि भरपूर बोलायचे. पास्टर म्हणाला, "बहीण, कुंकवाला नाही म्हणायचं बळ देवानं कसं दिलं, ते सांगा."

आई पदर सावरून उभी राहिली. प्रार्थनेत बोलायची तशी, खालच्या आवाजात बोलली.

"मला लावायचं होतं. देव मला नको म्हनला न्हाई. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी मान हलवली, म्हणून न्हाई लावलं. लग्न झाल्यापासून मी ह्यांचंच ऐकायले. देवाचं ऐकायची येळ माझ्यावर अजून आलीच न्हाई."

ती खाली बसली. पास्टरनं सवयीनं हालेलुया म्हटलं. त्याच्यामागं सगळ्यांनी म्हटलं, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज अण्णांचा होता.