राघोत्तमरावांची विंडो

राघोत्तमराव एका जागी बसलेले मी कधी पाहिलेच नाहीत. कॉफी उभ्याने, दहीभात उभ्याने, आणि प्रोग्रॅम चालू असला की टेबलाभोवती फेऱ्या. "अहो, बसा ना! बघूनच मला गरगरतंय," असं मी ओरडले की तंजावरी मराठीत म्हणायचे, "बसतों, बसतों," आणि पुन्हा चालायला लागायचे.

ही २००४ सालची गोष्ट. तमिळ मुलखातल्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात मी नागपूरहून आलेली, प्रोबेशनवर. ते चौपन्न वर्षांचे, कारकून म्हणून लागलेले आणि स्वतःच शिकून प्रोग्रॅमर झालेले. गिअरचा दाता नीट कापला गेलाय की नाही, हे सांगणारा प्रोग्रॅम त्यांचा. पण कमांड दिली की तो काळ्या पडद्यावर नुसते आकडे ओतायचा. मॅनेजर वेंकटने बजावलं, कस्टमरला विंडो दिसली पाहिजे, त्यात चित्र दिसलं पाहिजे. नाही जमलं तर राघोत्तमरावांची बदली तांबरमच्या गोदामात, माल मोजायला.

माणूस दोन महिने झपाटल्यासारखा त्यामागे लागला. आणि जमवलंन की! एक कमांड, की विंडो उघडून त्यात निळ्या रेघेचा दाता. त्या दिवशी त्यांनी अंबुजाबाईंना, म्हणजे बायकोला, ऑफिसातून फोन लावून सांगितलं. बाईंना त्यातलं किती कळलं देव जाणे.

आता माझा प्रताप ऐका. आम्ही सगळे एकाच सर्व्हरवर, एकाच सामायिक नावाने लॉगिन करायचो. प्रोग्रॅम सर्व्हरवर चालायचा, आणि त्याची विंडो कुणाच्या पडद्यावर उघडायची ते लॉगिनच्या फाइलमधली एक ओळ ठरवायची. जो जिथून लॉगिन झाला, त्याला तिथे विंडो. डेमोच्या आदल्या दिवशी ती ओळ माझ्या एका टेस्टला नडत होती. मी तिथे सरळ माझ्या मशीनचा नंबर ठोकून दिला. नंतर काढू म्हटलं आणि विसरले, झालं!

डेमो सकाळी अकराला, पाचव्या मजल्यावर. मी दुसऱ्यावर, माझ्या जागी. एकदम माझ्या पडद्यावर विंडो उघडली, निळ्या रेघेचा दाता. आता हे काय मध्येच, म्हणून वैतागून बंद केली. दुसरी उघडली. तीही बंद केली. मग लागोपाठ तीन.

तेव्हा कुठे मला ती ओळ आठवली. वर राघोत्तमराव कमांड देतायत, पुन्हा पुन्हा देतायत, आणि तिथे काहीच दिसत नाहीये. चूक झाल्याचा साधा निरोपही नाही, कारण प्रोग्रॅमच्या लेखी विंडो व्यवस्थित उघडली होती! ते आधीच लॉगिन झालेले, त्यामुळे आता ओळ बदलून उपयोग नव्हता. लिफ्ट येईना. मी जिन्याने धावत सुटले.

पोहोचले तेव्हा कस्टमर कागद गोळा करत होते. विंडो कुठे जातेय, हे राघोत्तमरावांनी तेवढ्यात शोधून काढलं होतं. पडद्यावर मशीनचा नंबर होता, शेवटी त्रेचाळीस. तो कुणाचा, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी दारात उभ्या माझ्याकडे पाहिलं आणि पडदा पुसून टाकला.

"कोणाची चूक?" वेंकटने विचारलं.

"माझी, सर," ते तमिळमध्ये म्हणाले.

"सर, ते—" मी तोंड उघडलं. त्यांनी मला मध्येच तोडलं, मराठीत, जी त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच कळत नव्हती.

"तूं गप्प रहा, लेकी. तुझं अजून पक्कं व्हायचं आहे."

मला बोलायला हवं होतं. तेव्हा नाही, तर संध्याकाळी. तेव्हाही नाही, तर दुसऱ्या दिवशी. मी भ्याले हो, सरळ भ्याले.

सोमवारपासून राघोत्तमराव तांबरमला जायला लागले. महिन्याभरात मला कायम केल्याचं पत्र आलं. मी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. तांबरमला न्यायचं मात्र तोंड नव्हतं.