लॉनमधली हराळी आणि आमचे आबा

मृगाच्या तोंडावरची गोष्ट. बँकेतून दमून घरी आले, गेट उघडलं आणि डोक्याला हातच लावला...

आधी थोडं सांगते. नांदेडला आमच्या घरासमोर छोटंसं लॉन आहे, हराळीचं. दर पावसाळ्यात त्यात गाजरगवत न् केना असा माजतो की विचारू नका. तणाचं बी रुजायच्या आत औषध फवारावं लागतं, उगवल्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि माझी वेळ दरवर्षी चुकते! कधी ऑडिट, कधी घरात आजारपण...

यंदा मात्र जमवलं. आभाळ भरायच्या आधीच सकाळी उठून फवारलं, वरून हलकं पाणी दिलं. दुकानदारानं बजावलं होतं, आता माती उकरायची नाही, नाहीतर सगळं वाया.

हे आबांना सांगायचं सुचलंच नाही. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर त्यांना बिलोलीकडच्या गावाहून इकडे आणलं, तेव्हापासून नुसते भिंतीकडं बघत बसायचे. ताट पुढे ठेवलं की दोन घास, बास. समजावून समजावून मी थकले होते. खरं सांगते, हेही हातचे जातात की काय, अशी भीती वाटायची.

तर गेट उघडलं... आणि अर्धं लॉन साफ! काळी माती उघडी, कडेला मुळ्यांसकट हराळीचा ढीग. मध्ये आबा, हातात खुरपं.

“हराळी लई माजली व्हती माय. तुला दिसली न्हाई का?”

जन्मभर शेतात जिच्याशी भांडले, तीच लेकीच्या दारात! त्यांना कसं बघवणार? रडावं की ओरडावं, कळेना. आधी नळावर नेलं, साबणानं दोनदोनदा हात धुवायला लावले. मग मी पायरीवरच बसले.

तेवढ्यात मागून आवाज आला, “भाकर झाली का गं? भूक लागली.”

आई गेल्यापासून पहिल्यांदाच ते स्वतःहून जेवायला मागत होते. पिठात हात घातला आणि मला रडूच कोसळलं.

आता पाऊस झालाय. उकरलेल्या मातीतून तण नुसतं उसळून आलंय. आबा रोज सकाळी खुरपं घेऊन बसतात. हराळी तेवढी ठेवा म्हटलं, तर ऐकतात थोडीच... घामाघूम होऊन आत येतात न् पोटभर जेवतात.

पुढच्या वर्षी औषधाची वेळ परत चुकवणार आहे मी. पण त्या खेपेला मुद्दाम.