जपून ठेवलेल्या बाटल्या

रविवारी जावई येऊन गेमचा डबा घेऊन जाणार हे बुधवारी फोनवर ठरलं, आणि येरवड्यातल्या सोनवण्यांच्या घरात राक्षस मारायची घाई सुरू झाली.

टीव्हीला जोडायचा हा डबा मुळात रामदास सोनवण्यांच्या मुलीचा, चैतालीचा. तो तिने पहिल्या पगारातून घेतला होता. लग्न होऊन हडपसरला गेली तेव्हा तिथल्या खोलीत एक तर कपाट मावत होतं किंवा डबा, म्हणून डबा माहेरी राहिला. आता त्यांनी मोठा फ्लॅट घेतला होता.

"पप्पा, धम्मदीपलाही खेळायचंय हो. आणि तुमचा तो गेम अजून संपला नाही? माझं लग्न जुनं झालं!"

"होत आलाय," रामदास म्हणाले. गेलं वर्षभर ते हेच म्हणत होते.

रामदास महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. लांब लोखंडी चावी सायकलला बांधून निघायचं, रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी फिरवून पाणी सोडायचं आणि पुढच्या गल्लीला लागायचं. जमिनीखालून पाणी निघाल्याचा घुमणारा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला. ते कुणाच्या हंड्यात पडताना बघायला मात्र थांबता आलं नाही. पुढची गल्ली ओरडत असायची.

निवृत्त झाल्यावर ते दिवसभर घरात येरझाऱ्या घालू लागले, तेव्हा चैतालीनेच त्यांच्या हातात रिमोट दिला. बुधवार पेठेतून आणलेली जुनी डिस्क होती. आधी एक गुहा, अंधार. मग एकदम उघडं आभाळ. डोंगराच्या कडेवर वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं गवत, लांब एक मोडका बुरूज, त्याहून लांब समुद्र. तिथे कुणी त्यांना हाक मारत नव्हतं. रामदास रिमोट धरून नुसते उभे राहिले. तो मुलूख खोटा आहे हे त्यांना कळत होतं. पण गवतावरचं ऊन काही खोटं वाटेना.

तेव्हापासून दुपारची जेवणं झाली की ते त्या मुलखात जात. तिथल्या रीतीभाती त्यांनी सावकाश समजून घेतल्या. उत्तरेच्या किल्ल्यात राक्षस जागा झालेला असतो, त्याने नदी अडवून धरलेली असते, जग बुडायला आलेलं असतं. तरी मासे धरत बसायला वेळ असतो. जग वाचवायला निघालेल्या माणसालाही दुकानदार तलवारीच्या भावात सूट देत नाही. आणि कुणाच्याही घरात शिरून मडक्यात हात घातला तरी घरमालक शेजारी उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारतो.

"आपल्या वस्तीत करून दाखवा असं," त्यांची बायको शालनबाई म्हणायच्या. त्या शेजारी भाजी निवडत बसत. त्यांना गेमशी काही देणंघेणं नव्हतं. फक्त सगळा पाठ होता.

"त्या म्हातारीची बकरी सापडली का?"

"सापडली. आता तिचं जातं हरवलंय."

"जातं कसं हरवेल? कुणी खिशात घालून नेलं का?"

"शोधायला सांगितलंय तिने."

"मग राक्षसाचं काय?"

"तो कुठे जातोय! म्हातारी उन्हात उभी आहे."

रामदासांचा गेम संपत नव्हता तो असा. वाटेत जो अडवील त्याचं काम केल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे. दुसरी गोष्ट बाटल्यांची. गेममधल्या त्यांच्या गड्याच्या पिशवीत तांबड्या औषधाच्या बाटल्या होत्या. एक प्यायली की मरायला टेकलेला माणूस ताठ उभा राहतो. रामदासांनी एकही उघडली नव्हती. गडी रक्तबंबाळ होऊन पडे, ते मागे जाऊन पुन्हा सुरुवात करत, पण बाटलीला हात नाही. अवघड वेळ पुढे यायची आहे, टाकीत पाणी राखलेलं बरं.

बुधवारच्या फोननंतर त्यांनी सगळी कामं बाजूला टाकली आणि थेट किल्ल्याची वाट धरली. म्हातारीच्या पुढून ते मान खाली घालून गेले. शेवट बघायचा होता. एकदा तरी चावी फिरवल्यावर थांबायचं होतं. पण शनिवारपर्यंत राक्षसाने त्यांना इतक्यांदा लोळवलं की शालनबाईंनी मोजणं सोडलं.

रविवारी सकाळी दारात चैताली आणि धम्मदीप उभे राहिले तेव्हा रामदास ऐन लढाईत होते.

"जय भीम, मामा."

"जय भीम. बसा. बोलू नका."

धम्मदीप चप्पल काढता काढता तिथेच दाराशी बसला. पडद्यावर राक्षस गुडघ्यावर आला, कोसळला. शालनबाईंनी टाळी वाजवली. तेवढ्यात धूर झाला आणि तोच राक्षस पंख लावून उठला.

"हे काय? मेला होता ना मेला!"

"मामी, हे त्याचं दुसरं रूप," धम्मदीप दबक्या आवाजात म्हणाला. "सगळ्यांचं असतं."

एका फटक्यात गडी भिंतीवर आपटला. जीव दोऱ्याएवढा उरला.

"अहो, बाटली काढा!"

"थांब गं. पुढे लागेल."

"पुढे? धम्मदीपराव, ह्याच्यापुढे काय आहे?"

"काही नाही, मामी. हा शेवटचाच."

"मग बाटल्या कुणाला ठेवल्यात? बकरीवालीला?"

"तुझ्या कपाटातल्या कपांसारख्याच आहेत त्या," रामदास पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

"कपांचं नाव काढू नका. ते चांगल्या वेळेसाठी आहेत."

"मम्मी, माझ्या लग्नात तरी कुठे काढलेस?" चैताली म्हणाली. निळ्या फुलांचे ते कप तिच्या जन्माआधीपासून कागदात गुंडाळलेले होते.

रामदासांचा अंगठा क्षणभर अडखळला आणि त्यांनी पहिली बाटली उघडली. पहिलीलाच जड गेलं. नंतर ते असे सुटले की चैतालीला म्हणावं लागलं, "पप्पा, तलवारही मारा मधूनमधून!"

राक्षस दुसऱ्यांदा पडला तो पडलाच. पिशवी रिकामी झाली होती. किल्ला ढासळला आणि दगडांमागून पाणी निघालं. डोंगर उतरून, कोरड्या पात्रातून, झुकलेल्या गवताच्या कडेने ते थेट गावात आलं. बकरीवाली म्हातारी घडा घेऊन बसली होती. पाणी घड्यात पडलं. घडा भरेपर्यंत चित्र तिथेच थांबलं.

रामदासही थांबले.

मग नावं वर सरकू लागली. धम्मदीपने वायरीकडे हात नेला.

"राहू द्या," रामदास म्हणाले. "एवढ्या लोकांनी काम केलंय."

नावं बरीच होती. ती संपली आणि पडदा उजळला तर गडी पुन्हा किल्ल्याच्या दारापाशी उभा. नदी कोरडी, आत राक्षस डरकाळतोय, आणि पिशवीत सगळ्या बाटल्या जशाच्या तशा.

"असंच असतं, मामा. शेवटानंतर दारापाशी आणून सोडतात."

रामदास खो खो हसले. "म्हणजे म्हातारीला अजून उन्हातच ठेवली?"

"आणि एवढ्या पिऊन सगळ्या परत आल्या?" शालनबाई उठल्या. "त्यासाठी जीव काढला होता माणसाने!"

त्यांनी कपाट उघडलं. कागद सुटल्याचा आवाज झाला. कप विसळायला रामदास पुढे झाले आणि पहिलाच त्यांच्या ओल्या हातातून निसटून मोरीत फुटला.

"हा काही परत यायचा नाही," ते हळूच म्हणाले.

शालनबाई तुकड्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. "बरं झालं. सेट मोडला एकदाचा. आता उरलेले रोज वापरायला मोकळे. तुम्ही मात्र स्टीलच्या पेल्यात प्या."

चहा झाला. धम्मदीपने वायरी गुंडाळल्या, डबा पिशवीत घातला आणि दाराशी थबकला.

"मामा, मी पहिल्यापासून सुरू करणार आहे. ती बकरी कुठे सापडते?"

"सांगणार नाही," रामदास पेल्यावर फुंकर घालत म्हणाले. "शोधा. जातं सापडलं तर मात्र लगेच फोन करा. ते माझं राहिलंय."